झुलाल मास्तरचा क्लच

कंपनीचं हत्यार आपल्याकडे नाही.
धुळ्याला एकदा बघितलं होतं, काचेच्या कपाटात,
किमतीची चिठ्ठी उलटी टांगलेली.
मी ती सुलटी केली नाही.

पारोळ्यात मे महिना, दुपारचे दोन.
पाने बादलीतल्या पाण्यात ठेवलेत,
नाहीतर धरायला जावं तर चटका.
आणि पत्र्याच्या सावलीत उघडं पडलंय
झुलाल मास्तरच्या बुलेटचं पोट.
मास्तरला सहाला अमळनेरात वरात.
बँड टेम्पोतून कधीच पुढे गेला,
हा बसलाय टायरवर, अंगात लाल कोट,
क्लॅरिनेट मांडीवर, दुहेरी फडक्यात,
तान्ह्याला उन्हातून आणल्यासारखी.

शकूर, प्लेटा तेलातून काढ.
एक कॉर्कची, एक पोलादाची, परत कॉर्कची.
कॉर्कचे कान बाहेरच्या डब्यात बसतात,
पोलादाचे दात आतल्या हबवर.
तिसरी अडली?
तिसरीच अडते.
हातोडी नको.
मीही मागितली होती एकदा,
उस्तादानं हातात हातोडी दिली
आणि चहा आणायला पाठवलं.
तिठ्यापर्यंत गेलो हातोडी घेऊन,
चहावाला म्हणाला, कोणाशी भांडण झालं रे?

नखानं चाचप. एकेक कान
खालच्या कानाच्या रेषेत आण.
डोळे मिट हवं तर,
डोळे फार मधे मधे बोलतात.
मास्तरकडे बघ, भोकं न बघता वाजवतो की नाही?

बसली.
आवाज केवढा झाला? 'टिक', एवढाच.

आता मधला नट.
हब धरून ठेवायलाही हत्यार असतं म्हणे.
मास्तर, या जरा. टॉप गिअर टाकलाय,
मागच्या ब्रेकवर उभे राहा.
मास्तर उभा राहिला झालर सांभाळत,
छाती काढून, समोर बघत,
जसं कोणी सलामी घ्यायला येणार आहे.
मी नट आवळला.
माणूस वजनदार असला की बरं पडतं.

स्प्रिंगा तीन, स्क्रू तीन.
सारखे आवळले तरी सारखे नसतात;
एक स्प्रिंग जुनी, दुसरी तिच्याहून जुनी,
तिसरी कुठून आली मलाच आठवत नाही.
क्लचची दांडी दाब, शकूर, सोडू नको.
मी हातानं किक दाबतो, सावकाश,
आणि फिरत्या प्लेटच्या कडेला धरतो
शाळेतून आणलेला खडू.
जिथे प्लेट जास्त बाहेर येते तिथे खडू लागतो,
तिथली स्प्रिंग ढिली,
तिथे अर्धा फेरा आवळ.

खर्र... गप्प... खर्र... गप्प...

"मिस्त्री," मास्तर टायरवरून म्हणाला,
"हाई ताल शे. दादरा बी नही, केहरवा बी नही,
लंगडा शे कोनता तरी."
अर्धा फेरा.
खर्रर... गप्प... खर्रर...
"आते बरा चालस. पन पाय घसाडस."
पाव फेरा, दुसऱ्या स्क्रूवर.
इतका पाव की पेचकस हलला की माझा हात थरथरला,
सांगता येणार नाही.
मी प्लेटकडे बघत होतो.
मास्तर बघतच नव्हता.
मान खाली, बोटं फडक्यावरून
आतली भोकं चाचपत.

किक.
खर्रर्रर्रर्रर्र

"बस," तो म्हणाला. "हात लावू नको.
ताल गया. आते निस्ता सूर ऱ्हायना."

प्लेटवर बघितलं तर
खडूची अख्खी गोल रेघ उमटलेली, कुठेही न तुटलेली.

केसिंग लावलं, तेल भरलं, रेघ पुसायची राहून गेली.
पहिल्या फर्लांगातच तेलात गेली असणार.
साडेचारला मास्तर निघाला,
पहिला गिअर पडला तो गुळात बोट घातल्यासारखा.
कोटाची झालर वळणापर्यंत दिसत होती.

पैसे वरातीनंतर देतो म्हणालाय.
शकूर, वहीत लिही: झुलाल मास्तर, क्लच, बाकी.
नाही, थांब.
बाकीतून थोडं कमी कर. कान त्याचे होते.