मोडी

लिव्हरपूल, फेब्रुवारी. साडेचारलाच काळोख.
खिडक्यांना काळे पडदे, मोटारींच्या दिव्यांना बुरखे,
आणि सेन्सॉर ऑफिसात एकच बल्ब, टेबलाच्या नेमका वर.
समोरच्याचे हात दिसतात, तोंड नाही.

कॅप्टन थॉर्नबरो सहा पत्रं पसरतो,
पत्त्याचा डाव मांडावा तशी.
"कसली ही गुप्त लिपी? तज्ज्ञांनीही हात टेकले."
मी डावा कान त्याच्याकडे करतो.
उजवा केरेनच्या डोंगरावर राहिला.
"मोडी, सर."
"म्हणजे?"
म्हणजे लेखणी उचलायची नाही.
एकदा टेकवली की ओळ संपेपर्यंत
सुटका नाही.
मी एवढंच म्हणतो, "जुन्या हिशेबांची लिपी, सर."

तो सिगारेट पेटवतो.
काडीचा फर्रकन आवाज.
मी टेबलाखाली जात नाही. आता जात नाही.
नुसती बोटं मोजतो.

"वाच."
तीर्थरूप आयेस शिरसाष्टांग नमस्कार.
आम्ही नवही जण खुशाल आहोत.
इथे थंडी फार, पण पोटाला मिळते.
गोठ्याचं कूड यंदा बांधून घे.
सही मी वाचत नाही.

"प्रत्येक पत्रात नऊ," कॅप्टन म्हणतो,
"आणि गेल्या महिन्यात आमच्या नऊ बोटी तळाला गेल्या."
भिंतीवरच्या समुद्रात लाल डोक्याच्या टाचण्या.
मी न मोजता सांगू शकतो किती.

पत्रं सापडली एका आगवाल्याच्या पेटीत,
बोट दुरुस्तीला अडकली म्हणून न गेलेली.
धाकू मोंडकर, देवगडकडचा, बॉयलरवर कोळसा मारतो.
सही येत नाही, अंगठा लावतो.
तीन रात्री झाल्या, तोंड उघडत नाही.
"हा नुसता पोस्टमन," धुरामागून आवाज येतो,
"मला हात हवाय. हे अक्षर ज्याचं, तो हात."

बल्बखाली माझे दोन्ही हात.
नखांत शाई.
ऑफिसचीच, म्हणता येईल.

नऊ जण होतो.
रात्री डोंगर चढताना दौलत खोपकर माझ्यापुढे,
मी त्याचा पट्टा धरलेला.
उजाडलं तेव्हा पट्टा माझ्या हातात होता.
सरकारी कागदावर तो अजून 'बेपत्ता'.
बरा शब्द आहे. त्यात माणूस चालत राहतो.
वेळणेश्वरला त्याची आय.
पत्र वाचून दाखवणारे कुळकर्णी आता थकले,
बालबोध त्यांना दिसत नाही,
मोडी मात्र बोटांनीसुद्धा वाचतील.
म्हणून मोडी. म्हणून मेणबत्ती, रात्री दोनला.
म्हणून खाली : आपला, दौलत.

आम्ही तळघरात उतरतो. मर्सीचं धुकं
जिन्यापर्यंत आलेलं, त्याला डांबराचा वास.
कोठडीत धाकू भिंतीला टेकून बसलाय,
ओठ फुटलेला.
माझ्याकडे बघतो, जणू आयुष्यात पहिल्यांदा.
"विचार त्याला," कॅप्टन म्हणतो.
मी विचारतो. कुणाचं अक्षर?

तो थुंकी गिळतो.
"ह्येंका सांग, माका ठावक नाय."
मग तशाच सपाट आवाजात, भिंतीकडे बघत :
"फुडच्या बोटीक दुसरो कोण तरी बघ.
म्हातारी वाट बघता."

"काय म्हणाला?
एवढं लांब काय म्हणाला?"

वर कुठेतरी भोंगा सुरू होतो. पळणारे बूट.
कॅप्टन हलत नाही.
जबानीचा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवतो.
"इंग्रजीत लिही. शब्दन् शब्द."

इंग्रजी सोयीची.
दर शब्दानंतर हात उचलता येतो,
दर फटीतून एक माणूस निसटू शकतो.

मी पेन टेकवतो.
पहिला शब्द : आय.
आमच्याकडे आईला म्हणतात,
यांच्याकडे स्वतःला.

दिवा मिणमिणतो. धाकू मान हलवतो, नको, नको.
मी हात उचलत नाही.