शाफ्टावरची रेघ

उद्यमनगरात, शेडच्या दाराशी
छोटा हत्ती मागं मागं येऊन थांबला
आणि उतरला परत आलेला शाफ्ट,
अजून काकवीचा वास अंगाला.

दस्तगीर मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसला,
व्ही-ब्लॉकवर ठेवून हातानं फिरवला.
डायलचा काटा पुढं-मागं, पुढं-मागं.
मग त्यांनी बोट ठेवलं रेघेवर.

दसऱ्याआधी देताना
लांबीभर सरळ ओढलेली, केसाएवढी.
आता पुलीपासून चरकापर्यंत
घेवड्याच्या वेलासारखी कलत गेलेली.

"मोडला न्हाई ह्यो," मिस्त्री म्हणाले,
"परत यायचा इसरला."

आदगोंडा अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे.
"मोळीतनं कोयता गेला ओ आत.
चूक आमच्या गुऱ्हाळाची. पैसे सांगा."

कोयता खरा होता.
रोलरवर त्याचा घाव मी फोटोत पाहिला.
पण माझी वहीही खरी होती, गेल्या सप्टेंबरची:
पीळ, चार.
पुली बेअरिंगच्या बाहेर लोंबती,
पट्टा घसरू नये म्हणून करकचून ताणलेला,
त्याचा बाक, तीन,
मी धरलाच नव्हता.

तीन आणि चार इथं सात होत नाहीत.
सात धरणारा फुकटचं लोखंड विकतो.
चार धरणारीकडं शाफ्ट परत येतो.
बाक आणि पीळ काटकोनात भेटतात;
वर्ग, बेरीज, मूळ –
पाच.

नमायचं की नाही, हे ठरवताना
पोलादाला एवढा एकच आकडा कळतो.
नमल्यावर मात्र
दोन्ही हिशेब वेगळे दाखवतं:
काट्यावर बाक,
रेघेवर पीळ.

मिस्त्री माझ्याकडं बघत नव्हते.
बघत नव्हते ते मुद्दामच.

"अण्णा," मी म्हटलं, "कोयत्यानं घाई केली फक्त.
शाफ्टच बारीक दिला होता. मीच."

पंखा फिरत होता. शेजारच्या शेडमधे
कुणीतरी ग्राइंडर लावला, बंद केला.
अण्णांनी टोपी काढली, परत घातली.
"मग च्या तरी पाजा," म्हणाले.

संध्याकाळी लेथवरून नवा उतरला,
दहा मिलिमीटर जाड, अजून कोमट.
मिस्त्रींनी स्क्रायबर माझ्या हातात दिला.
"या वक्ताला तू वढ.
पट्टी नीट धर. श्वास सोडून."