ठिपक्यांच्या आधी

दांडिया बाजारात, ताम्हाणे चष्मेवाल्यांच्या बाकावर
लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलोय.
शोधणाऱ्याला दुकान कसं दिसेल
ते इथे आधीच दिसतं एका चौकटीत:
वर निळं नाव, खाली दोन ओळी,
मग तीन ठिपके.

काकांचं वाक्य लांबलचक.
‘एकसष्ट सालापासून वडोदऱ्याच्या सेवेत, खात्रीचे,
माफक दरात, तीन पिढ्यांचा विश्वास,
भिंगं स्वतः घासतात कम…’
आणि तिथेच कात्री.
कमलिनीकाकू नेमक्या ठिपक्यांत.

‘विश्वास काढू?’
काका चष्मा कपाळावर चढवतात,
स्क्रीन हातभर लांब धरतात.
‘काढ. माफकही काढ.
तसे आपण माफक नाहीच.’

शब्द उतरतात,
काकू अक्षर अक्षर वर सरकतात.
आत चाकाचा आवाज थांबतो.
ओल्या हातांनी त्या येतात, वाचतात.
‘मला कोण शोधतंय रे?
गुरुवारी बंद असतं, ते लिही.
पार छाणीहून येतात माणसं,
कुलूप बघून परत जातात.’

लिहिलं.
तेवीस अक्षरांची जागा उरली.

‘आता घाल तिचं नाव,’ काका हळूच म्हणाले.
आत चाक पुन्हा सुरू झालं होतं.