नंबरप्लेट

डेल्बर्टने वहीत तीन रकाने आखले होते:
कर, चर्च, बंदुकीचा परवाना.
चौथा माझा, पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
डायलिसिस किती मैलांवर.

तीन उन्हाळे आम्ही गावं पाहत हिंडलो,
लेकीसाठी स्थळं पाहावीत तशी.
एकाच्या वाचनालयावर भलताच झेंडा.
एक दिसायला देखणं, नदीकाठचं,
पण मागच्या निवडणुकीत
जेमतेम चारशे मतांनी आपलं.
'काठावर पास,' डेल्बर्ट म्हणाला
आणि कॉफी न पिताच गाडी वळवली.

मी हसले नाही त्याला.
सॅक्रामेंटोत तो रात्री अंगणात पाटी रोवायचा,
सकाळी ती गटारात.
थँक्सगिव्हिंगला धाकटी भरल्या ताटावरून उठली
ती चार वर्षं परत बसलेली नाही.
माणसाला कधीतरी
आवाज न चोरता जेवायचं असतं.

मग आयडाहोतलं हे.
बटाट्याची शेतं, धान्याची कोठारं,
हार्डवेअरच्या दुकानात
मागे वळून न पाहता बोलणारी माणसं.
डेल्बर्टने वही मिटली. 'जमलं.'

ट्रकमधून सोफा उतरवत होतो
तर कुंपणाशी ऑर्विल बँगर्टर आले.
हात खिशात.
आधी आमच्या गाडीचं मागचं अंग नीट वाचलं.
'कॅलिफोर्निया? हं.
तुम्ही लोक येता, घरांचे भाव चढवता,
आणि मतं तिकडचीच आणता.'

सोफ्याचं एक टोक धरून डेल्बर्ट तसाच उभा.
चाळीस वर्षं ज्यांच्यात धरला गेला नाही
त्यांच्यातलाच ठरला,
सहाशे मैल लांब येऊन.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी
रांगेत तो पहिला.
नवी प्लेट स्वतः बसवली, गुडघ्यांवर बसून,
एक स्क्रू हरवला तर तारेने आवळली.
जुनी मी टाकू दिली नाही.
गॅरेजच्या दारामागे आहे.
धाकटी आलीच कधी
तर घर चुकल्यासारखं वाटू नये.

आणि चौथा रकाना: अडतीस मैल.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
तिथली नर्स बँगर्टरांचीच सून, हे मागाहून कळलं.
पहिल्या दिवशी तिने विचारलं नाही
कुठून आलात, कुणाचे आहात.
रबराची पट्टी हातात घेऊन एवढंच म्हणाली,
'डावा की उजवा?'

'डावा,' मी म्हटलं,
'शीर त्यातच चांगली आहे.'
डेल्बर्ट बाहेर, गाडीत, रेडिओ ऐकत होता.