सातवा रकाना

दाऊद होडेकरांचा अर्ज मी भरला
साखरतरच्या शाळेत, पहिलीच्या बाकावर,
गुडघे मावत नव्हते दोघांचेही.
मजुरी सहा बांगडे, ते आधीच घरी पोचलेले.

नाव. बापाचं नाव. हुद्दा : कसाब, डेकवरचा.
जहाज तेलाचं.
त्याचं इंग्रजी नाव त्यांनी तीनदा सांगितलं,
माझ्या टाकातून तीन वेगळी जहाजं उतरली.
शेवटी नळीवरून नक्कल केली.
जुनी नळी बुडाली, ही दुसरी, कोरी करकरीत,
हिनं समुद्र पाहिलेला नाही.

रकाना सातवा :
जहाज बुडाले त्या समयी अर्जदार कोठे होता?
म्हणाले, लिव, खाली.
खाली म्हणजे इंजिनात?
नाही. पाण्याखाली.
वर पाणी नव्हतंच मास्तर, वर आग होती.

पाणबुडी कुणीच पाहिली नाही.
भंडारी तांदूळ निवडत होता,
आणि जहाज मधोमध उचललं गेलं
तव्यावरची भाकरी उलथावी तसं.
आवाज मागाहून आला.
मग तेल पसरलं, आणि तेलावरून ती चालत आली.
सारंग ओरडला ते ऐकू नाही आलं,
नुसतं तोंड दिसलं : बुडी!

आणि श्वास?

त्यांनी बाकावर पंजा ठेवला, पालथा,
आणि फिरवला,
जसा आमच्या बायका फिरवतात विहिरीवर
कळशी बुडवण्याआधी,
फणसाची पानं, शेवाळ, मेलेले मुंगळे
कडेला सारायला.
एवढंसं वर्तुळ. त्यात तोंड काढायचं.
घोटभर हवा. पाचोळा परत जुळायच्या आत खाली.
माझी बहीण हमीदा असं करायची, म्हणाले,
मी काठावर बसून नुसता भोकाड पसरायचो.

कितीदा वर आलात?
मोजलं असतं तर बुडलो असतो.

राजिवड्याचा एक पोरगा होता, शरफुद्दीन.
तोही वर आला. जागा चुकली.
याच्यापुढे ते खिडकीबाहेर
माडावरच्या कावळ्याकडे बघत राहिले,
आणि मी टाक उगाच दौतीत बुडवला.

सातवा रकाना दीड बोटाचा.
मी लिहिलं, 'पाण्यात.'

आठवा पगाराचा.
जहाज बुडालं त्या तारखेला पगार बंद.
पुढे होडीत नऊ दिवस, ते बिनपगारी.
वाचून दाखवलं तर हसले.
बरोबर आहे की, होडीत काय काम करत होतो?

सही येत नव्हती. अंगठा घेतला, डावा.
शाई पुसायला मी चिंधी पुढे केली,
कंदिलाच्या रॉकेलात भिजवलेली.
बाकासकट मागे सरकले.
वास, म्हणाले. नको.

तरीकडे गेले तेव्हा ओहोटी लागली होती.
अंगठा अंगापासून दूर धरलेला,
काळा,
कुठे टेकवू नये तसा.