फूटतूट रजिस्टर

जूनच्या दुसऱ्या सोमवारी हुक्केरी मॅडम
फळ्यावर अपेक्षा लिहितात.
वहीला खाकी कव्हर. आकृती पेन्सिलीनंच.
निरीक्षण म्हणजे जे दिसलं ते,
जे दिसायला हवं होतं ते नव्हे.
तळाला, जागा उरेल तेवढ्यात, बारीक अक्षर:
काचसामान फुटल्यास भरपाई.

ही ओळ माझी.
म्हणजे नोंद माझ्याकडं. एकतीस वर्षं
परीक्षानळ्या धुतो, फुटलेल्यांचा हिशोब ठेवतो.
पोरं मामा म्हणतात.
दहावीला मी विज्ञानातच अडकलो,
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर प्रकल्प निघाला:
एखादा पदार्थ तापवा, तापमान नोंदवा, घरी जमेल तो.
कुणी मेण घेतलं. निम्म्या वर्गानं पाणी,
आणि सगळ्यांचं बरोब्बर शंभराला उकळलं.
कोल्हापूर समुद्रापासून किती उंचावर आहे
हे एकाही वहीला कळलं नाही.

नववी ब मधली प्रांजली आडसूळ वडणग्याहून येते,
दप्तराला काकवीचा वास.
तिनं गूळ लिहिला.
‘मामा, थर्मामीटर द्या की. सोमवारी आणून देतो.’
‘देते म्हण,’ मॅडम मागनं.
‘देते,’ ती म्हणाली,
आणि दारातनं, ‘येतो मामा!’

सोमवारी टेबलावर रुमालाची पुरचुंडी.
आत काच.
आमचे थर्मामीटर एकशेदहापर्यंतच शिकलेले,
हे मी तिला सांगायला हवं होतं.

मॅडमनी वही उघडली.
साहित्य: काहील, पळी, थर्मामीटर,
गार पाण्याची वाटी, वडिलांचं बोट.
कृती: रसात भेंडीचा चीक घातला, मळी काढली.
काहिलीत काच नको म्हणाले,
म्हणून दर वेळी पळीत पाक घेऊन मोजला.
निरीक्षण: पंच्याण्णव. एकशेदोन. एकशेआठ. एकशेदहा.
टिक् असा आवाज.
ती पळी वडिलांनी बांधावर ओतली.
मग थेंब गार पाण्यात सोडला, बोटानं वळला,
वाटीच्या काठावर मारला.
टण् वाजल्यावर म्हणाले, उतरवा.
अनुमान: एकशेदहाच्या पुढं किती,
ते थर्मामीटरला माहीत नाही.

लाल पेन ‘बोट’वर आला.
रेघ निम्मी ओढली, तिथंच राहिली.
‘टण् म्हणजे कसं?’ मॅडमनी विचारलं.
बाकावर नखानं वाजवून बघितलं पोरीनं.
‘असं नाही,’ म्हणाली. पुन्हा वाजवलं. ‘असंबी नाही.’
लोखंडी स्टँडवर वाजवलं.
‘ह्याच्या जवळपास.’
मग सगळा वर्ग काय काय वाजवत बसला, घंटा होईस्तोवर.

भरपाई म्हणून वडिलांनी गुळाचा रवा पाठवलेला, पाच किलोचा,
फडक्यात बांधून, वर चिठ्ठी:
पोरीचे मार्क कापू नका.

रजिस्टरात रवा लिहायला रकाना नाही.
वस्तू: थर्मामीटर, एक.
कारण: एकतीस वर्षं मी इथं
‘हातातून निसटला’ असंच लिहीत आलोय.
ह्या वेळी लिहिलं: तापमान अपेक्षेपेक्षा जास्त.
रक्कम अजून कोरी आहे.
मार्चमध्ये तपासणीला साहेब येतील, विचारतील.
तोवर रवा आम्लांच्या कपाटापासून लांब,
वरच्या फळीवर.
एक कोपरा मी फोडलाय.