ळ नव्हता

टॉडमॉर्डनला कालव्याच्या कडेला एक बंद सूतगिरणी आहे.
तिच्या दुसऱ्या मजल्यावर, कबुतरांच्या शेजारी,
लीड्सच्या बँकेतली नोकरी सोडून
मी छापखाना काढला.
सांगलीहून भाऊ म्हणाला,
"छापलेलं आता वाचतं कोण?"
मी म्हटलं, वाचत नाहीत रे, हात फिरवून बघतात.
तेव्हा हे वाक्य मला फार हुशार वाटलं होतं.

खिळे डंडीत असल्याचं कळलं:
एका मिशनच्या तळघरात, देवनागरी, चौदा खण.
उसनी व्हॅन, फेब्रुवारी, थर्मॉसभर चहा.
बीटॉकच्या चढावर बर्फाने गाठलं.
रात्रभर इंजिन चालू, बंद, चालू,
आणि बेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःशी मोठ्याने बोलत होते:
परत फीर.
फिरायला रस्ताच दिसत नव्हता,
म्हणून पुढे गेले.
लोक नंतर ह्याला धाडस म्हणाले.
मी काही दुरुस्ती सुचवली नाही.

साबणाचं पाणी, दात घासायचा ब्रश.
क निघाला, ख निघाला, अर्धा म,
जोडाक्षरांचा तर खजिनाच.
तीन रात्री शोधलं.
ळ नव्हता.
हिंदीसाठी ओतलेला संच,
तिथे त्याचं काय काम!

तो नसला की काय काय जातं, मोजून बघा.
बळ जातं. मूळ जातं.
संध्याकाळ होत नाही,
जवळ कुणी येत नाही,
कुणाला काही कळत नाही.
गोंधळ तेवढा
अक्षर नसतानाही राहतो.

लेस्टरच्या प्रभा वर्टीकरांचं काम आधीच घेतलेलं,
आगाऊ रक्कम भाड्यात गेलेली.
त्यांचे यजमान दुखण्यातून उठले होते,
आभाराची तीनशे कार्डं हवी होती.
मी ळच्या जागी ल बसवला. कोण बघतंय!
"तुम्ही आमची कालजी घेतलीत."
तीनशे वेळा कालजी.
बाईंनी पैसे परत मागितले नाहीत,
हेच वाईट झालं.
फक्त एक कार्ड परत पाठवलं,
ल वर शाईच्या पेनाने
बारीकसं वेटोळं काढून.

हॅरल्ड सटक्लिफ शुक्रवारी येतो.
जुना कंपोझिटर, वय एक्क्याऐंशी.
आमची लिपी येत नाही,
पण खिळ्याची उंची अंगठ्याने सांगतो.
टेबलाखालची मोडक्या खिळ्यांची पेटी त्याने पायाने सरकवली:
"हिला आम्ही नरक म्हणायचो.
इथे पडलेलं सगळं पुन्हा वितळतं."
मग शब्दांमधली कोरी शिशाची पट्टी दाखवली.
"ही कागदाला कधीच लागत नाही. काढून बघ."
काढली.
अख्खी ओळ हातात सांडली.
माझ्या मनातली शंकाही अशीच पट्टी असावी,
असं काहीतरी सुचलं.
पण ते फारच छापील वाटलं, सोडून दिलं.
त्याने तोवर शेवटचं बिस्किट खाल्लं होतं.

ळ मी नाशपातीच्या लाकडात कोरला.
पहिले चार सरळ कोरले, म्हणजे उलटे छापले.
आरशात तो बराचसा तसाच दिसतो,
म्हणूनच फसवतो.
पाचव्याला अंगठा कापला.
सहावा उभा राहिला.

एकच आहे.
एका ओळीत दोन ळ आले
की एकदा छापायचं, शाई वाळू द्यायची,
त्याला उचलून पुढे न्यायचं,
पुन्हा छापायचं.
"सगळी मंडळी" ह्या दोन शब्दांना
माझा एक अख्खा दिवस लागतो.
असल्या हिशेबाने धंदा चालत नाही,
हे बँकेत असताना मीच लोकांना सांगायचे.

वर्टीकर बाईंना तीनशे नवी कार्डं पाठवली,
न मागता.
उत्तर आलेलं नाही.
मार्चचं भाडं थकलंय.

ळ बाकीच्यांपेक्षा किंचित उंच आहे,
जरा जाड छापतो, कागदात रुततो.
रात्री पुसून खिशात ठेवते.
खणात नाही ठेवत.
खणात त्याच्यासाठी
कुणी घर केलेलंच नाही.